६० लिटरच्या रीफला डोसिंग आणि चिलर: गरज की हौस?

निवटी
दोन फुटी, ६० लिटरची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, मांडायची म्हटली की दुकानदाराच्या यादीत डोसिंग पंप (कॅल्शियम आणि क्षार मोजून सोडणारा) आणि चिलर (पाणी गार करणारा) सगळ्यात वर. माझ्या मते हे पैसे पाण्यात. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ते पाळायचा विषयच संपला. उरतात झोआ, मशरूम, लेदर अशी मऊ अंगाची प्रवाळं. यांना दगडी सांगाडा नाही, मग कॅल्शियम खाणार कोण? दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, आरओ-डीआय गाळणीचं शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी वापरा, खारटपणा हजारात ३५ला धरा. बाकी सगळी हौस.

मीठभाकर
कॅल्शियम खाणार कोण? खडकावर आणि पंपावर चढणारं जांभळं कोरलाइन शेवाळ खातं, शंख खातात. खप कमी असतो, पण शून्य नसतो. आता हिशोब करा. कॅल्शियमच्या जोडीने खपते ती क्षारता (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, डीकेएच हे तिचं एकक). ती आठवड्याला फक्त ०.२ डीकेएच उतरते असं धरू. १० टक्के पाणी बदलून ती नव्या पाण्यातल्या समुद्री मिठाच्या पातळीला कधीच पोचत नाही, तिच्या सुमारे १.८ खाली जाऊन स्थिरावते. ९ डीकेएचचं मीठ असेल तर ७.२, एवढं चालेल. पण घट आठवड्याला ०.५ असेल तर तोच आकडा साडेचारावर जातो. म्हणजे पाणी बदलून पुरतं की नाही हे टाकीचा खप ठरवतो, आपलं मत नाही. आज मोजा, सात दिवसांनी पाणी बदलायच्या आधी त्याच वेळेला पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक हेच उत्तर.

आणि डोसिंगला पंपच लागतो कुठे? खडक-वाळू वजा जाता टाकीत निव्वळ ५० लिटर पाणी राहतं. १ डीकेएच वाढवायला दीड ग्रॅम खायचा सोडा पुरतो. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. कपभर आरओ पाण्यात विरघळवून पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा, दिवसाला १ डीकेएचच्या वर जाऊ नका. त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साधारण १.३ ग्रॅम, पण काही तासांच्या अंतराने. दोन्ही एकत्र टाकले की पाणी दुधाळ होतं आणि सगळं चुना होऊन तळाला बसतं.

निवटी
सोडा मान्य. तो पाच रुपयांत होतो, माझा राग पंपावर आहे. एक भर घालतो: कॅल्शियम क्लोराइड आणि मिठाची बादली पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा. मुंबईच्या हवेत दोन्ही ओल धरतात. मग ३७ ग्रॅम लिटरला मोजून घातलं तरी त्यात पाण्याचंच वजन असतं आणि खारटपणा कमी भरतो. वजनावर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या उपकरणाने) बघा. तोही साध्या पाण्यावर नाही, ३५च्या द्रावणावर जुळवून घ्या.

ओहोटी
चिलरचं काय ते बोला. "पंखा लावा" हा सल्ला पुण्याला ठीक आहे. पंखा गार करतो तो बाष्पीभवनाने, आणि दमट हवेत बाष्पीभवनच अडतं. मे महिन्यात खोलीत ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २८च्या आसपास दाखवतो. पंख्याने पाणी त्याच्या खाली जाणारच नाही, कितीही मोठा पंखा लावा. त्यात पंप आणि लाइटची उष्णता वेगळी. २६ हवं असेल तर चिलर, नाहीतर दिवसरात्र एसी. आणि बंद एसी खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पीएच ७.८पर्यंत उतरतो, ते कोणी सांगत नाही.

निवटी
२६ हवंच कशाला? सॉफ्ट कोरलला स्थिर २८ सोसतं. त्रास होतो तो दुपारी ३० आणि पहाटे २६ अशा हेलकाव्यांचा.

ओहोटी
स्थिर २८ मिळालं तर. पंखा लावला की या टाकीतून दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडतं. दीड लिटर उडालं आणि भरलं नाही तर ३५चा खारटपणा दुसऱ्या दिवशी ३६. म्हणून ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी बादलीतून आपोआप भरणारा) आलाच. त्याचा सेन्सर अडकला आणि बादली १० लिटरची असली तर खारटपणा एका रात्रीत २९वर. बादली ५ लिटरचीच ठेवा, तेव्हा ३२च्या आसपास थांबतो. चिलर वाचवायला निघालात, पण आता दोन यंत्रं सांभाळताय.

कालव
तुम्ही दोघं तापमान आणि लाइट वेगवेगळे धरताय. पाणी २९-३०ला गेलं आणि वर भगभगीत प्रकाश असला की कोरलच्या अंगातलं शैवाल बाहेर पडतं, कोरल पांढरं होतं. नुसती उष्णता जितकं बिघडवते त्यापेक्षा ही जोडी जास्त. मेमध्ये लाइट २० टक्क्यांनी कमी करा आणि वेळ संध्याकाळी ४ ते रात्री १२ करा, दुपारच्या उकाड्यात भर नको. झोआ-मशरूमला ५० ते १२० पार (कोरलच्या कामाच्या प्रकाशाचं माप) भरपूर. नवीन लाइट ३० टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला ५ टक्के वाढवा. झोआ देठ लांबवून वर ताणत असतील तर प्रकाश कमी पडतोय, मशरूम आक्रसत असेल तर जास्त होतोय. मोबाइलच्या लक्स ॲपवर जाऊ नका, निळ्या एलईडीखाली ते भलतंच दाखवतं.

नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ ठेवा. दोन्ही शून्य झाले की वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरणारा डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा) चिकट थर येतो, आणि तो शेवाळापेक्षा हट्टी असतो.

पाणकोंबडी
मीठ महाग पडतं. वर्सोव्याहून भरतीचं पाणी आणलं तर? आणि ओहोटीला खडकावर मिळतं ते प्रवाळ?

मीठभाकर
नको. किनाऱ्याच्या पाण्यात नाल्यांचं सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणाचा भरवसा नसतो. खडकावरच्या प्रवाळाला तर हातच लावू नका. कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीच्या प्रवाळ-वसाहती २०२०मध्ये हलवायला महापालिकेलाही परवानगी काढावी लागली होती. ६ लिटर पाणी बदलायला साधारण २२० ग्रॅम मीठ लागतं, तेवढ्यासाठी एवढा व्याप कशाला?