पवनचक्कीची जुनी पाती: पुरायची की भट्टीत घालायची?

पठारावरचा: साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरच्या साडेतीनशे किलोवॅटवाल्या पवनचक्क्या आता उतरवायच्या वयाच्या झाल्यात. टॉवरचं लोखंड, जनित्राचं तांबं भंगारवाला आनंदानं उचलतो. पात्याकडे ढुंकून बघत नाही. माझं मत, पुरून टाका. काचेचे धागे आणि इपॉक्सी रेझिन, म्हणजे घट्ट झालेली राळ; कुजायचं नावच नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला पुरलीच की! २०२२च्या पावसाळ्यात कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्राचा राखेचा तलाव फुटला, त्यापुढे हे काहीच नाही.

गोठेवाली: आधी एकदा पातं कापून बघा, मग बोला. गोठ्याला आडोसा करायला आम्ही तुटक्या पात्याचा तुकडा आणला होता. ग्राइंडर लावला तशी पांढरी धूळ उडाली आणि दोन दिवस कोपरापर्यंत खाज. अंघोळीनंही जाईना. शेवटी सासूबाईंनी चिकटपट्टी लावून लावून कुसं ओढून काढली. आणि पंधरा मीटरचं पातं पुरणार कुठे? इथं वीतभर मातीखाली जांभा लागतो.

किलनकर: सिमेंटच्या भट्टीत द्या की. रेझिन जळतं, तेवढा कोळसा वाचतो. काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट करायच्या भाजलेल्या गोळ्यांत, जिरते. पुरायला राखसुद्धा उरत नाही. अमेरिकेत जीई या पवनचक्की कंपनीच्या पात्यांचा भुगा करून सिमेंटला द्यायचं काम व्हेओलिया या कचरा हाताळणाऱ्या कंपनीनं २०२० सालीच घेतलं.

पठारावरचा: साताऱ्याजवळ भट्टी आहे कुठे? सोलापूरला नुसतं क्लिंकरचं दळण चालतं, भट्ट्या पार कर्नाटकात वाडी-शहाबादकडे. पातं पोकळ. ट्रक भरतो, वजन भरत नाही. हवा वाहून न्यायचं भाडं कोण देणार, तुम्ही?

नवाकोरा: सीमेन्स गमेसा या पवनचक्की कंपनीनं २०२१ मध्येच सौम्य आम्लात रेझिन सुटणारी पाती आणलीत. एवढं कशाला भांडताय?

गोठेवाली: ती नवी पाती हो. आमच्या डोक्यावर फिरतात ती जुनी!

किलनकर: म्हणूनच पठारावरच तुकडे करायचे, मग ट्रक वजनानं भरतो. भाडं मालकानं द्यावं. जुन्या चक्क्या काढून मोठ्या बसवायचं केंद्राचं २०२३ चं धोरण आहे; वाऱ्याची उत्तम जागा त्यालाच परत मिळणार. पाती कुठे जाणार हे दाखवल्याशिवाय नव्याची परवानगी देऊ नये.

पठारावरचा: मालकानं द्यावं हे पटलं. पण तो शेवटी विजेच्या दरातच काढणार, लिहून ठेवा.

गोठेवाली: काढू दे. तुकडे करायला पोरं आमच्याच वाडीची लागणार. कापताना पाणी मारणार का, मास्क देणार का, ते आधी सांगा.