मदत हवी आहे: जुनाट मानदुखी आणि सोबत विसराळूपणा. मॅन्युअल थेरपीचा (हाताने करायच्या उपचारांचा) उपयोग कितपत?

रानवाट:

तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस आहे. एका पेशंटबद्दल सल्ला हवाय, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

बाई ४८ वर्षांच्या, शिवणकाम करतात. तीन वर्षं मान दुखते. दुखणं उजवीकडून डोक्यात चढतं आणि डोळ्यामागे येऊन बसतं. १० पैकी ६-७. झोप तुकड्यातुकड्यांत. आता त्यांची मुख्य तक्रार मात्र 'डोकं चालत नाही' ही आहे. टेपवर माप वाचतात आणि वहीत लिहीपर्यंत आकडा गेलेला असतो. घरच्यांना स्मृतिभ्रंशाची धास्ती.

फ्लेक्शन-रोटेशन टेस्ट (मान पूर्ण पुढे वाकवून डोकं किती वळतं ते मोजणं) उजवीकडे २५ अंश, डावीकडे ४२. एक्स-रेत वयानुसार झीज. हातापायांत बधिरपणा नाही. रात्री प्रीगॅबालिन ७५ मिग्रॅ (नसांच्या दुखण्याचं औषध) आणि मिथाइलकोबालामिन (बी-१२) यांची एकत्र कॅप्सूल, शिवाय डोकं चढलं की पेनकिलर.

वरच्या मानेवर हाताने काम केल्यास विचारशक्तीत फरक पडेल असं त्यांना सांगावं का? या उपचाराचा डोस किती ठेवू? आणि फरक मोजायचा कसा?

कडुलिंब:

'मान सुटली की स्मरणशक्ती वाढेल' असं कृपया सांगू नका. दुखणं दिवसभर लक्ष ओढून घेतं आणि आकडा क्षणभर मनात धरून ठेवायला तेच लक्ष लागतं, म्हणून माप निसटतं. हाताच्या उपचाराने दुखणं उतरतं, बहुतेकदा थोड्या काळापुरतं. तेवढ्यात झोप आणि व्यायाम सावरले तर डोकंही सावरतं. फायदा पोचतो तो या वळणानेच. कवटीची हाडं हलवून मेंदूचा रक्तपुरवठा वाढवतो म्हणून पॅकेजं विकतात, त्याला आधार नाही.

एक गोष्ट जरूर विचारा: कुणाचं कापड कुठल्या गठ्ठ्यात, कुणाचे किती पैसे बाकी, हे आठवतं का? ते पक्कं असेल आणि फक्त ताजा आकडा सुटत असेल, तर दुखणं, झोप किंवा औषध यांच्याकडे बोट जातं. तेही जात असेल, वाट चुकत असेल, तर आधी न्यूरॉलॉजिस्ट.

तुमच्या टेस्टवरून सी-१ सी-२ चा (मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधला) सांधा अडलाय हे दिसतंच आहे. ३२ अंशांच्या खाली म्हणजे पॉझिटिव्ह. वरच्या तीन मानेच्या नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस आत एकाच केंद्रात येऊन मिळतात, म्हणून मानेचं दुखणं डोळ्यामागे वाटतं.

सुरुवात सबऑक्सिपिटल रिलीजने (कवटीखालचे स्नायू सैल करणं) करा. पेशंट उताणी. तुमच्या बोटांची टोकं कवटीच्या कडेच्या लगेच खाली, मऊ भागात. डोक्याचं वजन बोटांवर आपोआप येऊ द्यायचं, २-३ मिनिटं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बोटांनी वर ढकलणं. मग स्नायू उलट आवळतात आणि संध्याकाळी डोकं जास्त चढतं. बोटं हाडावरच टेकली असतील तर काहीच सुटत नाही.

त्यानंतर पेशंटला पालथं घेऊन, डोकं उजवीकडे सुमारे ३० अंश वळवून, सी-२ च्या उजव्या बाजूवर अंगठ्यांनी मोबिलायझेशन (सांध्याला लयीत झोके देणं). दुखणं ४ च्या वर असेल त्या दिवशी मेटलंडच्या मोजपट्टीतली ग्रेड १-२ च, म्हणजे अडथळ्यापर्यंत न जाणारे हलके झोके. शांत असेल तर ग्रेड ३, म्हणजे अडथळ्यात जाणारे मोठे झोके. सेकंदाला साधारण दोन झोके, ३० ते ६० सेकंद, तीन वेळा. प्रत्येक वेळेनंतर फ्लेक्शन-रोटेशन पुन्हा मोजा. तीन वेळा करूनही अंश हलले नाहीत तर जोर वाढवू नका, पातळी चुकलीय का ते बघा.

घरी मलिगनचा सेल्फ-स्नॅग (टॉवेलने सांध्याला आधार देत स्वतः मान वळवण्याचा व्यायाम) द्या. उजवीकडे वळणं अडलंय, म्हणून टॉवेलची कड डावीकडे, कवटीच्या लगेच खाली. ते टोक उजव्या हाताने गालावरून आडवं पुढे ओढायचं, दुसरं टोक डाव्या हाताने छातीशी धरून ठेवायचं आणि मान सावकाश उजवीकडे वळवायची. शेवटाला ३ सेकंद. दोनच वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखता कामा नये. दुखलं तर बहुधा टॉवेल खाली घसरलेला असतो किंवा ओढ तिरकी लागलेली असते.

दवबिंदू:

औषधांकडे दुर्लक्ष नको. प्रीगॅबालिनने स्वतःच गुंगी येते, शब्द अडतात, लक्ष लागत नाही. विसराळूपणा कॅप्सूलच्या आधीपासून आहे की नंतर सुरू झाला, तारखा लावून विचारा. नंतरचा असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी द्या. पेशंटने ती एकदम बंद करू नये, हळूहळूच उतरवावी लागते.

बी-१२ बघायला सांगाल, पण कॅप्सूलमध्ये मिथाइलकोबालामिन असल्याने रिपोर्ट चांगला येईल आणि आधीची कमतरता झाकली जाईल. जुना रिपोर्ट असेल तर तो मागवा. शाकाहारी आहेत का, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का, हेही विचारा. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन.

पेनकिलर महिन्यात किती दिवस? साधी गोळी १५ दिवस किंवा जास्त, एकत्रित घटकांची १० दिवस किंवा जास्त, आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरत असू शकते. तसं असेल तर मानेवरच्या कामाचा परिणाम टिकणार नाही.

रानवाट:

धन्यवाद, फार उपयोगी. मानेच्या आतल्या स्नायूंच्या व्यायामासाठी प्रेशर बायोफीडबॅक (मानेखाली ठेवायची, दाब दाखवणारी पिशवी) नाही माझ्याकडे. बीपीचा कफ चालेल? आणि मोजमापाचं राहिलं.

कडुलिंब:

चालतो, डायलचा असेल तर. तीन पदरी दुमडून मानेमागे, कवटीला लागून ठेवा, २० वर फुगवा. हलकेच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी झुकवून काटा २२ वर न्यायचा आणि १० सेकंद धरायचा. दहा वेळा जमलं की २४, असं ३० पर्यंत. मानेपुढचा दोरीसारखा स्नायू उठून दिसला की एक पायरी खाली या. त्या वेळी काम वरचा स्नायू करतोय, आतला झोपलेलाच. कफ आधी टेबलावर फुगवून हवा गळत नाही ना ते बघा, नाहीतर काटा खोटं सांगतो.

मोजण्यासाठी उलटे आकडे: ७-२-९ म्हटलं की त्यांनी ९-२-७ म्हणायचं, मग चार, मग पाच. दर आठवड्याला, त्याच वेळी, उपचाराच्या आधी. आकडे दर वेळी नवे, एरवी सरावानेच सुधारलेले दिसतील. पण माझा जास्त भरवसा त्यांच्या वहीवर असेल: एका गिऱ्हाइकाची मापं घेताना किती वेळा पुन्हा टेप लावावी लागली, ते कोपऱ्यात रेघा मारून लिहायला सांगा. शेजारी रात्रीची झोप आणि दुखण्याचा आकडा.

दवबिंदू:

रूमॅटॉइड संधिवात आहे का ते विचारल्याशिवाय सी-१ सी-२ ला हात लावू नका, तिथला सांधा सैल झालेला असू शकतो. अचानक उठलेलं, आधी कधी न झालेलं मान-डोकं दुखणं, सोबत दोन-दोन दिसणं, गिळताना अडणं, बोबडी वळणं, तोल जाणं यातलं काही असेल तर टेबलावर घेऊच नका, थेट हॉस्पिटल. सुईत दोरा ओवणं किंवा हुक लावणं नव्याने अवघड जातंय का, हेही दर खेपेला विचारा. मज्जारज्जूवरचा दाब असाच आधी दिसतो. आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान कडाक्कन मोडून घ्यायची सवय घरात कुणालाही असेल तर ती बंद करायला सांगा.

सहा बैठकींत दुखणं निदान २ अंकांनी उतरलं नाही तर मॅन्युअल थेरपी थांबवा. दुखणं आणि झोप सुधारूनही टेप तितक्याच वेळा लावावी लागत असेल, तर वहीच्या त्या पानांची झेरॉक्स जोडून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा.