मदत हवी आहे: ठसे झिजलेल्या बोटांसाठी कोणता फोन?

आईसाठी २५ हजारांपर्यंतचा फोन सुचवा. शेतकामाने तिच्या बोटांचे ठसे झिजलेत. स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर प्रकाश टाकून ठशाचा फोटो घेतो, त्यामुळे कोरडं, गुळगुळीत बोट तो सारखं नाकारतो.

फेस अनलॉकचा विचार केला, पण या किमतीत ते फक्त सेल्फी कॅमेऱ्यावर चालतं. अंधारात ओळखत नाही, काही फोन तर नुसत्या फोटोनेही उघडतात. म्हणूनच बँकेची अ‍ॅप्स ते सहसा स्वीकारत नाहीत. त्यांना अँड्रॉइडचा क्लास ३ (म्हणजे ओळख पटवण्यातला सर्वात सुरक्षित) दर्जा लागतो. गूगलच्या पिक्सेल ८ फोनला (२०२३) तो साध्या कॅमेऱ्यावर मिळाला, पण उजेड तिथेही हवाच. आयफोन एक्सपासून (२०१७) फेस आयडी चेहऱ्यावर ३०,०००हून जास्त इन्फ्रारेड ठिपके टाकून खोली मोजतो, म्हणून अंधारातही चालतो. त्या सामानासाठीच स्क्रीनला खाच आली. माझ्या मते ती खाच परवडली! बजेट मात्र परवडत नाही.

मग पॉवर बटणातला कपॅसिटिव्ह (विद्युतभाराने ठसा वाचणारा) सेन्सर झिजलेल्या ठशांवर खरंच बरा चालतो का? एकच अंगठा दोनदा नोंदवला तर फरक पडतो का? आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी ठसा वाचणाऱ्या) सेन्सरचा वापरलेला फोन घ्यावा का? घरात ज्येष्ठांसाठी वापरून पाहिलेल्यांनी मॉडेलसह सांगा.