लाकडी रोलर कोस्टर: उलटं बसणं आणि सुलटं बसणं, नेमका फरक कशात पडतो?

प्रश्न: तुळशीकट्टा
येत्या उन्हाळ्यात अमेरिकेत, ओहायोतल्या किंग्ज आयलंड या पार्कला जायचं ठरतंय. सोबत अकरा वर्षांचा मुलगा आणि साठीच्या सासूबाई. सिनसिनाटीकडचे जुने लोक सांगतात की तिथल्या ‘रेसर’ या लाकडी रोलर कोस्टरवर एक गाडी उलट्या तोंडाने धावायची. अजून तसं आहे का? नसेल तर लाकडाच्या ट्रॅकवर उलटं बसायला कुठे मिळतं? उलटं बसलं की वेग जास्त असतो असंही ऐकलंय, ते खरं का? आणि कुठली रांग धरावी?

उत्तर: तीनफुटी
आता तसं नाही. ‘रेसर’ १९७२ चा, जॉन ॲलन यांनी आखलेला. उंची ८८ फूट, वेग ताशी ५३ मैल म्हणजे साधारण ८५ किमी. दोन ट्रॅक शेजारी शेजारी, शर्यतीसाठी. १९८२ साली एका ट्रॅकवरच्या गाड्या फिरवून उलट्या जोडल्या आणि २००८ पर्यंत तशाच चालवल्या. त्यानंतर दोन्ही बाजू पुन्हा सुलट. व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियनचा ‘रेबेल येल’ (आताचा रेसर ७५) आणि कॅरोलायनातल्या कॅरोविंड्स पार्कचा ‘थंडर रोड’ यांच्याही एकेका बाजूला उलट गाड्या असायच्या. थंडर रोड २०१५ ला बंदच झाला.

वेगाचं ऐकलेलं चूक आहे. ट्रॅक तोच, चढ तोच, वजन तेच. साखळीने वर नेऊन सोडलं की पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं, आणि तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं.

लाकडावर उलटं बसायला टेक्सासमधल्या सेगीन गावात झेडीटीज् पार्कमध्ये ‘स्विचबॅक’ होता, २०१५ चा, पण ते पार्क आता बंद झालंय. गाडी सुलट जायची, शेवटच्या उभ्या चढावर थांबायची आणि त्याच ट्रॅकवरून उलटी परत यायची. बंगळुरूच्या वंडरलातलं ‘रिकॉइल’ ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. फक्त ते लोखंडी आहे आणि त्यात गिरक्या आहेत.

उत्तर: खटका_आणि_साखळी
वेग तोच असतो हे बरोबर, पण अंगाला सगळं वेगळं लागतं. क्रमाने सांगतो.

चढ: सुलट बसलात तर पाठ टेकते, आरामखुर्चीसारखं. उलट बसलात की तोंड उताराकडे येतं आणि अंग हळूहळू मांडीवरच्या बारवर घसरतं. पाठ आणि टेकण यांच्यात चार बोटं फट पडते आणि तीच नंतर नडते. म्हणून फलाटावरच ढुंगण पार मागे सरकवून बार घट्ट करायचा आणि चढावर दोन्ही पाय तळाला रेटून पाठ टेकलेली ठेवायची.

पहिला उतार: इथे रांगेला महत्त्व येतं. प्रवासाच्या दिशेने सर्वांत पुढचा डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागची गाडी अजून साखळीवरच असते, त्यामुळे तो डबा रेंगाळत खाली वाकतो. सर्वांत मागचा डबा शिखरावर येईपर्यंत गाडीने वेग घेतलेला असतो, म्हणून तो अक्षरशः हिसकून नेला जातो. सुलट बसणाऱ्याला हा हिसका टेकणातून पाठीत मिळतो. उलट बसणाऱ्याच्या पाठीमागून सीटच निघून जाते आणि त्याला ओढतो तो मांडीवरचा बार. बार सैल असेल तर मांड्या चांगल्या शेकतात.

आता गंमत बघा. सुलट गाडीत समोर मोकळा ट्रॅक दिसतो पहिल्या रांगेला आणि हिसका मिळतो शेवटच्या रांगेला. दोन्ही एकत्र कधी नाही. गाडी फिरवली की सर्वांत मागे असलेल्या रांगेच्या समोर कोणाचं डोकं नसतं, मागे पडत जाणारा अख्खा ट्रॅक दिसतो, आणि हिसकाही तिलाच. एकाच जागी दोन्ही. उलट्या गाडीत माझ्या मते तीच एक रांग, बाकीच्यांना फक्त गर्दीतली डोकी दिसतात.

वळण: डावं-उजवं बदलतं. गाडी डावीकडे वळताना सगळे बाहेर, म्हणजे गाडीच्या उजवीकडे फेकले जातात. सुलट बसलेल्या जोडीत उजवीकडचा चेपला जातो, उलट बसलेल्या जोडीत स्वतःच्या डाव्या हाताला बसलेला. मुलाबरोबर बसणार असाल तर मोठ्या माणसाने बाहेरची बाजू घ्यावी, म्हणजे पोरगं तुमच्यावर येईल, तुम्ही त्याच्यावर नाही.

ब्रेक: एवढ्या एका ठिकाणी उलटं बसणं बरं. सुलट बसलेला पुढे झुकतो, उलट बसलेला टेकणात दाबला जातो. मात्र जुन्या गाड्यांचं टेकण खांद्यापर्यंतच असेल तर डोकं मागे झटकतं. ब्रेकचा फलाट दिसत नसल्यामुळे मान सावध नसते, हे लक्षात ठेवा.

उत्तर: तेलपाणी
वरच्यांनी प्रवाशाची बाजू मांडली. गाडी उलटी करायची म्हणजे काय करावं लागतं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं मोटार उलटी फिरवली की झालं.

जुन्या फिलाडेल्फिया टोबॉगन (कोस्टर बनवणारी कंपनी) पद्धतीच्या गाडीत पाच डबे, डब्यात तीन बाक, बाकावर दोघं: एकूण तीस माणसं. प्रत्येक डब्याखाली दोन आस. वर धावणारी चाकं, बाजूची चाकं आणि ट्रॅकच्या खालून गाडी उडू न देणारी चाकं, असे तीन संच. डबे सुटे करायचे, क्रेनने उचलायचे, १८० अंशांत फिरवायचे आणि पुन्हा जोडायचे.

अडचण खालच्या खटक्यांची. एक खटका साखळीत अडकतो, दुसरा चढावरच्या दातेरी पट्टीवर टक् टक् वाजत गाडी मागे घसरू देत नाही. दोन्ही एकाच दिशेला धरतात. डबा फिरला की तेही फिरतात, म्हणून काढून उलटे बसवावे लागतात. दातेरी पट्टी ट्रॅकवर असते, ती बदलत नाही. त्यातला एक खटका जरी चुकीच्या तोंडाने राहिला तर चढावर साखळी तुटल्यास तो डबा धरणार नाही. म्हणून चाचणीच्या वेळी गाडी चढावर मुद्दाम थांबवून प्रत्येक खटका दातावर बसलाय का ते बघतात. बार सोडवायची यंत्रणा गाडीच्या एकाच बाजूला असेल तर तीही फलाटाच्या पलीकडे जाते, तिची सोय वेगळी. आणि एकदा खटके बदलले की ती गाडी सुलट बाजूला वाढीव गाडी म्हणून वापरता येत नाही. दोन ट्रॅकसाठी सुटी गाडी एकच असेल तर ही मोठी अडचण.

अलीकडच्या एकेका बाकाच्या गाड्या फिरवणं तर आणखी अवघड. त्यात पहिल्या डब्यालाच दोन आस, मागच्या प्रत्येकाला एकच, तो पुढच्या डब्यावर टेकलेला. अशी गाडी फिरवली की दोन आसांचा डबा शेपटाला जातो आणि एका आसाचे डबे पुढे होतात. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेऊन बघा, म्हणजे कळेल.

उत्तर: तीनफुटी
एक भर घालतो. दोन ट्रॅकची प्रत्येक राइड यासाठी चालत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या केनीवुडचा १९२७ चा ‘रेसर’ आणि इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा १९३५ चा ‘ग्रँड नॅशनल’ दिसायला दोन ट्रॅकचे, पण खरं तर ट्रॅक एकच, पीळ घातलेल्या पट्टीसारखा. डाव्या फलाटावरून निघालेली गाडी उजव्या फलाटावर पोचते. तिथे ‘ही बाजू उलटी’ अशी पाटी लावताच येत नाही. किंग्ज आयलंडला दोन ट्रॅक स्वतंत्र आहेत म्हणून ते जमलं. शिवाय तो मुख्यतः सरळ जाऊन सरळ परत येणारा, टेकाडामागून टेकाड. सारखी वळणं घेणाऱ्या ट्रॅकवर उलटं बसलं तर मजा कमी आणि बरगड्यांना मार जास्त.

तुळशीकट्टा
खूपच उपयोगी. पुढे कुठे उलटं बसायला मिळालं तर मुलाला गाडीत मळमळतं, त्याचं काय? आणि सासूबाईंना सुलट रेसरवर कुठे बसवू?

उत्तर: खटका_आणि_साखळी
मळमळीचं कारण असं की पुढचं टेकाड डोळ्याला आधी दिसत नाही, म्हणून मान आणि पोट तयारी करत नाहीत. जवळून सरकणाऱ्या खांबांकडे बघू नये, लांबची एखादी झाडाची रांग किंवा पाण्याची टाकी धरावी. जबडा मिटलेला, डोकं टेकलेलं. आणि काय येतंय ते बघायला मान मागे वळवायची नाही. वळलेल्या मानेवर धक्का बसला की दोन दिवस ती तशीच राहते. पोट तुडुंब नको आणि अगदी रिकामंही नको.

केस मोकळे ठेवू नका. उलट्या प्रवासात वारा पाठीमागून येतो आणि सगळे केस डोळ्यांत फटके मारतात. घट्ट वेणी घालून ती टी-शर्टच्या आत घाला. चष्म्याला दोरी. ओढणी, स्टोल खाली लॉकरमध्ये.

सासूबाईंना गाडीच्या मधला डबा आणि त्यातलाही मधला बाक. गाडी टेकाडावर सर्वांत हळू असते तेव्हा मधला डबा माथ्यावर असतो, म्हणून उडणं कमी. डब्याचा पहिला आणि तिसरा बाक चाकांच्या वर येतो, त्यात हादरे जास्त, मधला दोन आसांच्या मध्ये. मानेचा, कमरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र त्यांनी खाली बाकावर बसून पिशव्या सांभाळाव्यात.

उत्तर: तेलपाणी
मुलाची उंची घरीच मोजून जा, बुटांसकट. रेसरला ४८ इंच लागतात. आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावर रांगेत उभे राहा. ओल्या ट्रॅकवर गाडी जोरात पळते, सकाळच्या पहिल्या थंड फेऱ्या त्यामानाने सुस्त असतात.