खान्देशात राहून चित्रकाराने प्रदर्शन कुठे करावे?

रंगपेटी, अमळनेर
सर्वांना नमस्कार. मी कला शिक्षक पदविका पूर्ण केली असून सहा वर्षांपासून अमळनेरात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे वर्ग घेते. वर्ग सुटल्यावर जलरंगात स्वतःचे काम करते. केळीच्या बागा, कापसाने भरलेल्या गाड्या, आठवडे बाजार असे विषय असतात आणि आता मनासारखी तीसेक चित्रे जमली आहेत. मागच्या आठवड्यात मुंबईच्या एका संस्थेकडून फोन आला की, समूह प्रदर्शनासाठी माझी निवड झाली आहे, दोन चित्रांच्या जागेचे अठरा हजार रुपये भरावेत, स्मृतिचिन्ह आणि प्रमाणपत्र त्यातच मिळेल. मी कुठेही अर्ज केला नव्हता. माझी चित्रे त्यांनी मोबाईलवर पाहिली म्हणे. हे पैसे भरावेत का? आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांत राहून काम लोकांपुढे आणण्याचा दुसरा मार्ग आहे का?

जुना खडू, धुळे
ताई, पैसे भरू नका. बारा वर्षांपूर्वी अशाच एका निमंत्रणाला मी भुललो होतो. माझे चित्र जिन्याखाली टांगले होते, प्रमाणपत्रावर आडनाव चुकले होते, आणि परत येताना काच फुटून तिच्या तुकड्यांनी चित्रातल्या तापीच्या पाण्यावर तीन ओरखडे पाडले. ते चित्र आजही तसेच घरात लावलेले आहे. त्या संस्थेला एवढेच विचारा की, आजवर तुम्ही कोणाचे चित्र नाकारले आहे का? जेथे नकार नाही तेथे निवडही नसते.

त्याऐवजी कला संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाची जाहिरात निघाली की अर्ज करा. त्यात विद्यार्थी आणि कलाकार असे दोन स्वतंत्र विभाग असतात. तुम्हाला कलाकार विभागात यावे लागेल, आणि तेथे परीक्षक राज्यभरातून आलेल्या कामांतून निवड करतात. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनालाही प्रवेशिका पाठवता येते. पहिल्या वर्षी चित्र परत येईल, कदाचित दुसऱ्याही वर्षी येईल. माझे चार वेळा आले. पाठवताना काचेऐवजी ॲक्रिलिक शीट लावा, चौकटीच्या कोपऱ्यांना पुठ्ठा बांधा, आणि चित्राच्या मागे नाव, शीर्षक, माध्यम व माप लिहिलेला कागद चिकटवा. पेटीवरची चिठ्ठी वाटेत निघून जाते, मागचा कागद राहतो.

शिल्पकार रामभाऊ सुतार आमच्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यामुळे त्यांचे नाव जगभर गेले, पण त्याआधी १९५४ ते १९५८ या काळात ते पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करीत होते, हे आमच्याच मुलांना ठाऊक नसते. (विषयांतर झाले, क्षमस्व.)

केळीचे पान, जळगाव
खडू सरांचा अनुभव मान्य आहे, तरी पैसे घेतले म्हणजे फसवणूकच, असे म्हणू नये. जहांगीर कलादालनसुद्धा भाडे घेते. पण तेथे आधी काम तपासले जाते, तारखेसाठी दीर्घकाळ थांबावे लागते, आणि भिंत मिळाली की ती पूर्णपणे तुमची असते. अठरा हजारांत दोन चित्रांपुरती जागा घेण्यापेक्षा त्याच रकमेत तीसही चित्रांना चौकटी होतील आणि जळगावातच एकल प्रदर्शन होईल. भाऊंच्या उद्यानात कलादालन आहे. संध्याकाळी फिरायला येणारी कुटुंबे तेथे सहज डोकावतात, आणि हा प्रेक्षक चित्रापुढे उभे राहून ‘ही बाग रावेरची की यावलची?’ असे विचारतो. मुंबईत असे कोण विचारणार?

तुमचे जे विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जातील त्यांना विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवाची तयारी करवून घ्या. स्थळचित्रणाला अर्ध्या इम्पीरियल (साधारण १५ बाय २२ इंच) कागदावर साधारण अडीच तास मिळतात, आणि आपली मुले त्यातला पहिला तास पेन्सिलीने खोडण्यात घालवतात.

सातपुडा, शहादा
मी चित्रकार म्हणून पोट भरतो ते भिंतींवर. जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती, अंगणवाड्या, ग्रामपंचायतींच्या जनजागृतीच्या ओळी, हे काम चौरस फुटाच्या दराने मिळते. दर ठरवताना भिंतीची तयारी वेगळी लिहून घ्या. चुन्याच्या भिंतीवर थेट ऑइल पेंट मारला की पहिल्या पावसाळ्यात पोपडे निघतात आणि सरपंच तुम्हालाच फोन करतात. आधी खरवडून, पॉलिश पेपर मारून, प्राइमरचा हात द्यावा लागतो. या कामाला कला समजत नाहीत अशी मंडळी आहेत. समजोत बापडी. माझ्या धडगावकडच्या एका भिंतीवरील मोर रोज दीडशे मुले पाहतात.

उंबरठा, चाळीसगाव
रंगपेटी ताई, आपण चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचे घर पाहिले आहे का? रेल्वे स्थानकाजवळ त्यांचा बंगला आता संग्रहालय म्हणून जपलेला आहे. १९१२ साली जन्मलेला हा माणूस १९८९ मध्ये जाईपर्यंत आयुष्याची कित्येक दशके त्या घराबाहेर क्वचितच पडला; घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर प्रकाश सोडून त्यातून तो आख्खा देखावा उभा करी, आणि चाळीसगावातूनच छायाचित्रे देशविदेशांतील प्रदर्शनांना पाठवून पारितोषिके मिळवी. एकांत सर्वांनाच मानवतो असे मी म्हणत नाही, मला स्वतःला तो आठ दिवसही मानवणार नाही. पण मुलांना घेऊन या. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रासाठी घडा, फळे आणि कापड मांडताना उजेड कोणत्या बाजूने घ्यावा, हे त्या छायाचित्रांपुढे पाच मिनिटांत कळते.

रंगपेटी, अमळनेर
आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. काल त्या संस्थेला खडू सरांचा प्रश्न विचारला. पलीकडच्या बाईंनी ‘आम्ही कोणालाच नाराज करत नाही’ असे उत्तर दिले, तेव्हा मी नम्रपणे नकार कळवला. राज्य कला प्रदर्शनासाठी केळीच्या बागेची दोन चित्रे बाजूला काढली आहेत. त्यातल्या एकात आकाश धुताना कागद फुगला आहे. तो मागून ओला करून, वजनाखाली ठेवून सपाट होईल का, की माउंट करतानाच तो बसवावा, हे कोणी सांगावे.

जुना खडू, धुळे
मागच्या बाजूने स्पंजने हलके ओलवा, थेंब राहता कामा नये. दोन स्वच्छ ड्रॉइंग पेपरांच्या मध्ये ठेवून वर लाकडी फळी आणि फळीवर जाड पुस्तके ठेवा. दोन दिवस हात लावू नका. रंगाच्या बाजूला पाणी लागले तर मात्र आकाश गेले म्हणून समजा, म्हणून आधी एखाद्या बिघडलेल्या चित्रावर करून पाहा.

उंबरठा, चाळीसगाव
मुलांना घेऊन येणार असाल तर जळगावला गाडी बदलत बसू नका, पारोळ्यावरून एस.टी.ने या. किती जण आहेत ते कळवा, जेवणाचे मी पाहतो.