मागची स्प्रिंग मऊ नको, नाक आधी सांभाळा

'मागची स्प्रिंग मऊ ठेवा, गाडी मागे बसली की पकड वाढते' हा लाँचसाठी, म्हणजे उभी गाडी पूर्ण जोराने सोडण्यासाठी, दिला जाणारा सल्ला मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाडीसाठी ठीक आहे. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये (चारही चाकांना इंजिनचा जोर) गाडीचं नाक उचललं की पुढची चाकं नुसतीच फिरतात. आणि किती वजन मागे जाणार हे मुख्यतः स्प्रिंगवर नाही, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ठरतं. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ९, म्हणजे इव्हो ९, चा व्हीलबेस २६२५ मिमी. गाडी १४०० किलो आणि गुरुत्वमध्य ५० सेंमीवर धरला, तर १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या प्रवेगाच्या) लाँचला सुमारे २६७ किलो पुढून मागे जातं. म्हणून आधी गाडीची उंची कमी करा, मग मागे कडक स्प्रिंग आणि पुढच्या शॉकचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) रिबाउंड, म्हणजे परत लांब होण्याला होणारा विरोध, घट्ट, म्हणजे नाक पटकन उचलणार नाही.

मित्राच्या इव्होवर आम्ही मागच्या शॉकच्या दांड्याला झिप टाय बांधून बघितलं; शॉक जितका दबतो तितका तो सरकतो. एका लाँचमध्ये तो ६० मिमी वर सरकला होता! कडक स्प्रिंग टाकल्यावर ३५. पण खरा दोष वेगळाच निघाला: नाक लाँचइतकं उचलून मोजलं तेव्हा पुढचा टो (वरून पाहिल्यास चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) ३ मिमीने बदललेला. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) उभ्या गाडीवर करून थांबू नका, त्या उंचीलाही मोजाच.