इंधनाची नळी केबिनमधून की बाहेरून? माझं मत: केबिनमधूनच

उड्डाणवेडा

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये एक वाक्य ब्रह्मवाक्यासारखं फिरत असतं: "केबिनमध्ये पेट्रोल नको." ऐकताक्षणी पटतं, कारण मांडीपासून हातभर अंतरावर पेट्रोलची नळी कुणाला हवी असते? तरीही माझं मत उलटं आहे, आणि ते इथे सविस्तर मांडतो.

विमान कुठलं ते आधी सांगतो. दोन आसनी, पंख खाली, दोन्ही पंखांत एकेक टाकी, इंजिन पुढे. पंख खाली असले की "दोन्ही टाक्या एकदम" ही सोय मिळत नाही. एक टाकी रिकामी झाली की पंप तिकडून हवा ओढू लागतो आणि भरलेल्या टाकीतलं पेट्रोल तसंच राहतं. म्हणून वैमानिकाला उड्डाणात ठरावीक वेळाने हाताने टाकी बदलावी लागते. सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायचा मुठीचा व्हॉल्व्ह, हे प्रत्येक उड्डाणात, कधी घाईत, कधी इंजिन खोकत असताना वापरायचं साधन आहे. त्यामुळे नळ्यांचा मार्ग आखायला सुरुवात वैमानिकाच्या हातापासून करावी, टाकीपासून नाही. सिलेक्टर दोन आसनांच्या मधे, पुढ्यात, नजरेसमोर. मग नळ्या तिथवर याव्यात, म्हणजे केबिनमधून याव्यात.

१२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बेमध्ये लाँग-ईझी विमान कोसळून गेले, तो अपघात बहुतेकांना माहीत असेल. त्या विमानाचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात सिलेक्टर पुढे, वैमानिकाच्या दोन पायांच्या मधे होता. हे विमान ज्यांनी बांधलं त्यांना कॉकपिटमध्ये इंधन नको होतं, म्हणून त्यांनी तो डाव्या खांद्यामागे नेला. तिथे पोहोचायचं तर स्टिकवरचा (विमान वळवायच्या दांडीवरचा) उजवा हात काढून अंग डावीकडे वळवावं लागे, आणि तसं वळताना उजव्या पायाने रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचं, पेडल दाबलं जाणं अगदी सहज होतं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने कारणांमध्ये नेमकं हेच नोंदवलं: सिलेक्टर फिरवण्याच्या प्रयत्नात अनवधानाने उजवा रडर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला. उड्डाणाआधी पेट्रोल न भरणं हेही कारणांत होतं. आग टाळण्यासाठी घेतलेल्या निर्णयाने माणूस वेगळ्याच वाटेने गेला.

माझी मांडणी अशी. पंखाच्या मुळापासून सिलेक्टरपर्यंत ५०५२-ओ या मऊ ॲल्युमिनियमची ३/८ इंची, ०.०३५ इंच जाडीची एकसंध नळी. केबिनमध्ये सिलेक्टर सोडून एकही जोड नाही. फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं नळीचं तोंड, ३७ अंशांचा, मोटारीतला ४५ अंशांचा नाही. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे आणि एकमेकांत घट्ट बसल्यासारखेही वाटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. नळीवर झाकण, झाकणाखालच्या पोकळीला तळाशी बाहेर उघडणारं निचऱ्याचं भोक.

फायरवॉल_पलीकडे

पूर्ण असहमत.

अपघाताची माहिती बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष लंगडा आहे. त्या विमानात सिलेक्टर नुसता मागे नव्हता. त्याच्या मुठीवर कुठलीही खूण नव्हती. इंधनमापकांवरही खुणा नव्हत्या आणि ते मागच्या बाजूला होते, इतके की पाहण्यासाठी आरसा वापरावा लागणार होता. पक्कड लावून मूठ लांबवण्याचा प्रयत्न झाला, तोही जमला नाही. हे सगळं एनटीएसबीच्या अहवालात आहे. मला त्यातून दिसतं ते असं: मूठ हाताजवळ हवी. व्हॉल्व्हही हाताजवळ हवा, असं त्यातून कुठे सिद्ध होतं? मूठ पुढ्यात ठेवा, तिथून दांडा न्या, व्हॉल्व्ह केबिनबाहेर ठेवा.

शिवाय त्या विमानात इंजिन मागे होतं. टाक्यांमधलं पेट्रोल आधी पुढे कॉकपिटमध्ये आणायचं आणि मग पुन्हा मागे न्यायचं, हे टाळावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. तुमच्या विमानाला तो प्रश्न नाही, म्हणून ते उदाहरण इथे जसंच्या तसं लागू करू नका.

आता आगीचं. पंख खाली असलेल्या विमानाचा खडबडीत जमिनीवर उतरताना चाकाचा पाय मोडला, तर मार बसतो पंखाच्या मुळाशी. तुमची एकसंध, मऊ ॲल्युमिनियमची नळी नेमकी तिथूनच आत येते. पंख चार बोटं मागे सरकला की ती एकतर तुटते किंवा फ्लेअरमधून उपटली जाते, आणि सिलेक्टरच्या बाजूचं उरलेलं पेट्रोल आसनाखाली सांडतं. अपघातात माणूस जिवंत राहतो, पट्टा सोडवायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आग. तुमच्या निचऱ्याच्या भोकाचा तिथे काय उपयोग?

उड्डाणवेडा

दांड्याचा पर्याय मी सोडून दिला, तो विचार करूनच. लांब दांडा आणि दोन युनिव्हर्सल जॉइंट म्हणजे प्रत्येक ठिकाणी थोडी ढील. सिलेक्टरला प्रत्येक स्थितीत एक खटका असतो, तो बोटांना जाणवला पाहिजे. दांड्यातून तो पुसट होतो. मूठ "डावी टाकी" दाखवते आणि व्हॉल्व्ह अर्धवट मधेच, अशी अवस्था येऊ शकते. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हवर इंजिन जमिनीवर निवांत चालतं आणि पूर्ण ताकद मागितली की गप्प होतं. म्हणजे नेमकं उड्डाण करताना, धावपट्टी संपता संपता.

पंखाच्या मुळाशी नळी उपटली जाण्याचा मुद्दा मात्र दमदार आहे. त्यावर मला नीट विचार करायला हवा.

शेपूट_चाक

दोघेही आगीवर भांडताय. इंजिन बंद पडून विमान शेतात उतरतं, त्यामागे बऱ्याचदा नळीतली वाफ असते. मार्ग ठरवताना माझा पहिला प्रश्न असतो: पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला किती उष्णता आहे आणि किती वळणं आहेत?

थोडा हिशेब. १००एलएल या विमानपेट्रोलचा बाष्पदाब (नळीतला दाब त्याच्या खाली गेला की पेट्रोल उकळतं) ३७.८ अंश सेल्सियसला ३८ ते ४९ किलोपास्कल ठेवलेला असतो. मोटारीच्या पेट्रोलच्या हिवाळी मिश्रणात तो दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल, १०,००० फुटांवर ७० च्या जवळ. त्यातून पंपाने वर ओढण्याचा खर्च वजा करा: अर्ध्या मीटर उंचीला साधारण साडेतीन किलोपास्कल. त्यात काटकोनी एल्बो, फिल्टर आणि सिलेक्टरचा अडथळा. उन्हात तापलेली टाकी, मोटारीचं पेट्रोल आणि चढतं विमान हे तिन्ही एकत्र आले की नळीतलं पेट्रोल उकळायला फार काही लागत नाही. इंजिनवरचा यांत्रिक पंप द्रव ढकलायला बनलेला असतो, वाफ आली की तो नुसता फिरत राहतो.

म्हणून मी व्हॉल्व्ह किंवा पंप इंजिनच्या खोलीत ठेवण्याच्या विरोधात आहे. "केबिनबाहेर" म्हणताना लोक पुष्कळदा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक भिंतीच्या, पुढे जाऊन बसतात आणि एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर ओढणारी नळी नेतात. केबिनमधली हवा तरी थंड असते.

माझा उपाय: प्रत्येक पंखाच्या मुळाशी, टाकीच्या पातळीच्या खाली एकेक विजेचा पंप. पंप टाकीजवळ असला की पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि वाफ धरत नाही. पुढे एकदिशा झडपा लावल्या की टाकी निवडणं म्हणजे फक्त एक बटण. सिलेक्टरचं भांडणच मिटतं. इंधन पूर्ण तोडणारा एक साधा व्हॉल्व्ह मात्र हवाच.

दुसरा_मॅग्नेटो

@शेपूट_चाक, बटणाने टाकी निवडायची म्हणजे पेट्रोलसाठी विजेवर विसंबायचं. मग दुसरी बॅटरी आणि दोन पंपांना स्वतंत्र वायरिंग हे सुरुवातीपासून धरा. आणि त्या तारा इंधननळीच्या वरून न्या, खालून नाही. नळी ठिबकली तर पेट्रोल तारांवर पडता कामा नये. तारांचा गठ्ठा नळीलाच क्लॅम्पने बांधून टाकलेला दिसतो, ते तर कधीच करू नये.

@उड्डाणवेडा, "एकसंध" पुरेसं नाही. दोन पक्क्या जोडांमध्ये नळी सरळ ताणून बसवू नका. तापमानाने ती लांब-आखूड होते, विमान थरथरतं, आणि सगळा ताण फ्लेअरच्या मानेवर येतो. तिथेच बारीक तडा जातो. एक सौम्य वळण ठेवा. ३/८ इंची ॲल्युमिनियमला साधारण १६.५ इंचांवर आधार द्या, आणि आतून गादी असलेला क्लॅम्प वापरा, उघडा पत्रा नको.

पहिलंच_विमान

माझे पंख वर आहेत, पंप नाही, नुसत्या गुरुत्वाकर्षणावर पेट्रोल येतं. मला यातलं काही लागू होतं का? वर पंख म्हणजे सगळं सोपं, असं मी ऐकलं आहे.

शेपूट_चाक

बरंचसं सोपं, पण तुमच्याकडे दाब फार थोडा असतो. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा एक मीटर उंच असेल तर मिळतात जेमतेम ७ किलोपास्कल. विमान नाक वर करून चढायला लागलं की तो फरक आणखी कमी होतो. म्हणून नळीत मधेच उंचवटा नको. दाराच्या चौकटीवरून नेलेली नळी थोडी वर जाऊन खाली आली, की त्या उंचवट्यात वाफेचा बुडबुडा अडकतो आणि एवढासा दाब त्याला पुढे ढकलू शकत नाही. उतार सलग हवा. सर्वांत खालच्या जागी गॅस्कोलेटर, म्हणजे पाणी तिथे जमून काढता येईल.

चाचणी जमिनीवर करा. शेपटी खाली करून नाक कमाल चढाच्या कोनात आणा, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून भांड्यात प्रवाह मोजा. गुरुत्वाकर्षणावरच्या रचनेला पूर्ण ताकदीच्या गरजेच्या १५० टक्के प्रवाह हवा, पंपवाल्याला १२५ टक्के. तुमचं इंजिन तासाला ३५ लिटर पीत असेल तर ५२.५ लिटर, म्हणजे मिनिटाला ८७५ मिलिलिटर. त्याहून कमी आलं तर उडू नका, नळी बदला. आणि टाकीचं झाकण बंद ठेवूनच मोजा, नाहीतर टाकीत हवा घेणारी हवानळी तुंबलेली असली तरी कळणारच नाही.

फायरवॉल_पलीकडे

उंच पंखाच्या विषयाने मूळ वाद बाजूला पडला. मी पुन्हा तिकडे येतो.

@उड्डाणवेडा, केबिनमधूनच न्यायचं असेल तर निदान पंखाच्या मुळाशी ॲल्युमिनियम नको. तिथे टेफ्लॉनचं अस्तर आणि स्टीलची वेणी असलेली लवचीक होज, चांगली ढिलाई ठेवून. पंख सरकला तर होज ताणली जाईल, लगेच तुटणार नाही. आणि फायरवॉलमधून आरपार जाणारं फिटिंग स्टीलचं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तर इंजिनच्या आगीसाठी होज तपासतात ती १,०९३ अंशांच्या ज्वाळेत. फायरस्लीव्ह (आगरोधक आवरण) घातलेली होज त्यात ५ मिनिटं टिकते. तिच्या मागचं फिटिंगच वितळलं तर त्या ५ मिनिटांना अर्थ नाही.

एवढं केलं तरी माझं मत बदलत नाही. व्हॉल्व्ह बाहेर, मूठ आत.

उड्डाणवेडा

मुळाशी लवचीक होज हे मान्य, आराखडा बदलतो. फायरवॉलवर स्टील होतंच. @दुसरा_मॅग्नेटो यांचं वळणही घालतो.

पंखातले पंप मला आवडले, पण माझ्या इंजिनला जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी आहे. ती ज्या टाकीतून ओढतोय त्याच टाकीत परतली पाहिजे. नाहीतर भरलेल्या टाकीत आणखी भर पडून पेट्रोल हवानळीतून बाहेर वाहून जातं. म्हणजे परतीची नळीही त्याच वेळी बदलायला हवी. दोन्ही मार्ग एकाच मुठीने बदलणारा दुहेरी सिलेक्टर हे काम सरळ करतो, बटणाला त्यासाठी आणखी विजेच्या झडपा लागतील. म्हणून सिलेक्टर राहतो, आणि आसनांच्या मधेच राहतो.

@फायरवॉल_पलीकडे, दांड्याबद्दल तुम्हाला खात्री असेल तर एक करून पाहा. खांद्याचे पट्टे उडताना बांधतो तितके घट्ट बांधा, डोळे मिटा, डावीकडून उजवीकडे टाकी बदला, आणि मग कुणालातरी व्हॉल्व्हपाशी बघायला सांगा की तो खरोखर खटक्यात बसलाय का. बसला तर मी तुमच्या मांडणीचा पुन्हा विचार करीन.

फायरवॉल_पलीकडे

करतो. तुम्हीही एक करा: तुमच्या झाकणाखालच्या पोकळीत पाणी ओता आणि ते विमानाबाहेर पडतं की आसनाखाली येतं ते बघा. विमान आडवं असताना आणि एका पंखावर कललेलं असताना, दोन्ही वेळा.

दुसरा_मॅग्नेटो

आणि ते भोक एक्झॉस्टच्या पाइपाजवळ उघडत नाही ना, तेही बघा.